तिन्ही नावं माझीच

दर बुधवारी माझी कादंबरी बंद असते. सकाळच्या बसने बेळगावहून खानापूरला जायचं, वाचनालयाच्या ओट्यावर टेबल टाकायचं आणि दुपारपर्यंत लोकांचे अर्ज लिहायचे. सोबत एक निवृत्त कन्नड शिक्षक असतात, सगळे त्यांना मास्तर म्हणतात. अर्ज कन्नडमध्ये लागतो. अल्पसंख्य भाषिक १५ टक्क्यांवर असतील तिथे सरकारी सूचना त्यांच्याही भाषेत द्याव्यात, हे १९५६ पासून ठरलेलं आहे. खिडकीपाशी उभ्या माणसाच्या हाती मात्र कन्नड फॉर्मच येतो.

सुरुवातीला मी अर्जात माणसाची सगळी हकिगत घालायची. ते परत यायचे. मास्तरांनी शिकवलं: कोण, कुठला, काय अडलंय, काय हवंय. त्या शिस्तीने माझं कादंबरीलेखनही बदललं, हे ऋण मी मानते.

आषाढात कणकुंबीकडची एक आजी आली. पावसात निथळत, पण कागदांची प्लॅस्टिकची पिशवी पदराखाली कोरडी. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेत बायकांना मिळणारे महिन्याचे २,००० रुपये तिला एकदाही मिळाले नव्हते. आधार कार्डावर नावाला ‘बाई’ जोडलेलं, रेशन कार्डावर त्याच नावाला कन्नड रिवाजाने ‘अव्वा’. संगणकाच्या लेखी या दोन बायका. अशी प्रकरणं आमच्याकडे नेहमीचीच: दोन्ही नावं एकाच बाईची, असं बाँड पेपरवर अ‍ॅफिडेव्हिट करायचं. मास्तर मजकूर सांगू लागले.

“तिसरं पण लिव्ह,” आजी म्हणाली.

माहेरचं नाव, लग्नात बदललेलं. मास्तर नको म्हणाले. या कामाला त्याची गरज नाही, आणि एक नाव वाढलं की एक शंका वाढते. मलाही ते पटलं. तेवढ्यात आजीने वडिलांच्या शेताचा उतारा काढून समोर ठेवला. वारसांत ते नाव होतं. “कागद हाय की.”

“पण आजी, त्या नावानं आता तुम्हाला कोण ओळखतं?”

“कुणी न्हाई. पर सही तीच येती मला.”

दुसरीपर्यंतची शाळा. तेव्हा तिचं गाव मुंबई राज्यात होतं. पाटीवर गिरवलं ते हेच एक नाव. १९५६ला गाव म्हैसूर राज्यात गेलं, १९७३ला राज्याचं कर्नाटक झालं, २०१४ला बेळगावचं बेळगावी. मधेच कधीतरी लग्न होऊन तिचं नाव बदललं, रेशन कार्डावर पुन्हा बदललं. हाताला मात्र पहिलंच ठाऊक. बँकेत ती अंगठा देते, कारण तिथलं नाव तिला लिहिता येत नाही.

मास्तर जरा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी कागद फाडला आणि नवा मजकूर घातला: ‘ई मूरू हेसरुगळु नन्नवे.’ ही तिन्ही नावं माझीच. तीन नावं, तीन कागद, प्रत्येकाचा नंबर.

नोटरीने शाईचं पॅड पुढे केलं. आजीने पेन मागितलं. टेबलावर डावा पंजा दाबून ती एकेक अक्षर काढत गेली, आणि शिरोरेघ सगळ्यात शेवटी, एका दमात ओढली. नोटरीने शेजारी अंगठाही घेतला आणि शिक्का मारला. मास्तरांनी चष्मा काढून पुसला.

दोन वर्षं मी सीमाभागातल्याच एका बाईवर कादंबरी लिहिते आहे. लग्नाआधी तिला काय हाक मारत, हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. परतीच्या बसमध्ये तेच डोक्यात राहिलं. आजीचं नाव मी तिला देणार नाही; अर्जाच्या टेबलावरचं काहीही माझ्या कादंबरीत जात नाही. हा अनुभवही आजीला विचारून लिहिते आहे. “लिव्ह,” म्हणाली, “नाव तेवढं घालू नकोस.”

पहिले २,००० भाद्रपदात जमा झाले. ते काढायला तिने अंगठाच दिला.