'रिस्टोर्ड'च्या नावाखाली स्लाइड शो: बर्मिंगहॅमजवळच्या साय-फाय कन्व्हेन्शनचा वृत्तांत

आधी निकाल सांगतो, रडगाणं नंतर. जुन्या ब्रिटिश साय-फाय सिरीयली मोठ्या पडद्यावर बघायला फॅन कन्व्हेन्शनला, म्हणजे चाहत्यांच्या मेळाव्याला, निघाला असाल तर पोस्टरवर 'रिस्टोर्ड' (जुनं चित्र दुरुस्त केलेलं) छापलंय एवढ्यावर खिशात हात घालू नका. आधी मेल टाका आणि विचारा की हलतं चित्र आहे की नुसते फोटो, फाइल कुठून आणली आणि प्रोजेक्टरपाशी जाणकार माणूस असणार आहे का. गोलमोल उत्तर आलं तर शनिवार घरी झोपून काढा.

कन्व्हेन्शन होतं बर्मिंगहॅमबाहेर हायवेलगतच्या हॉटेलात, नाव देत नाही, पुढच्या वर्षी सुधारले तर उगाच बट्टा नको. शनिवार संध्याकाळचा मुख्य आयटम म्हणजे बीबीसीच्या 'डॉक्टर हू' या साय-फाय मालिकेतली 'मार्को पोलो' ही गोष्ट, रिस्टोर्ड, मोठ्या पडद्यावर, त्याचे वेगळे १५ पौंड. आता ज्यांना वेड आहे त्यांना ठाऊकच आहे की १९६४ च्या या गोष्टीचे सातच्या सात भाग गायब आहेत. त्या काळी व्हिडिओटेप महाग, पुन्हापुन्हा दाखवायचे हक्क मर्यादित, त्यामुळे बीबीसी टेप पुसून परत वापरायची, आणि परदेशी विकायला काढलेल्या १६ मिमी फिल्मच्या प्रती तेवढ्या कुठेकुठे उरल्या. २०१३ साली नायजेरियात जॉसच्या टीव्ही स्टेशनातून आलेले याच मालिकेचे नऊ भाग अचानक जाहीर झालेच होते ना, म्हणून म्हटलं कुणी सांगावं, एखादं रीळ हाती लागलंही असेल आणि ही मंडळी गुपचूप ठेवून बसली असतील.

दिवे गेले आणि स्लाइड शो सुरू. टेलिस्नॅप, म्हणजे टीव्हीच्या पडद्याचे तेव्हा काढलेले फोटो, आणि मागे कुठल्यातरी चाहत्याने प्रसारण चालू असताना घरी रेकॉर्ड केलेला आवाज. या प्रकाराला माझी ना नाही. उलट या गोष्टीचे टेलिस्नॅप दिग्दर्शक वारिस हुसेन (जन्म आपल्या लखनौचा) यांच्या स्वतःच्या संग्रहात सापडले म्हणून निदान ते सेट आणि कपडे तरी बघायला मिळतात, चौथा भाग त्यांनी केला नव्हता तर त्याचे फोटोही नाहीत. पण मग तसं लिहा ना बाबांनो! रिकन्स्ट्रक्शन, म्हणजे उरलेल्या तुकड्यांवरून जुळवलेलं, असं लिहा, पाच पौंड घ्या, लोक आनंदाने येतील. बाहेर आल्यावर एका व्हॉलंटियरला विचारलं तर म्हणे 'इमेजेस हॅव बीन रिस्टोर्ड'. वा.

त्यानंतर 'डॉक्टर हू'चंच १९६८ चं 'वेब ऑफ फिअर', जॉसहून आलेल्या भागांपैकी एक, म्हणजे खरंखुरं हलतं चित्र आणि रिस्टोरेशनही नीट झालेलं. ते यांनी लॅपटॉपवरून टीव्हीला जोडलं आणि ४:३ चं, म्हणजे जुन्या टीव्हीच्या चौकोनी आकाराचं, चित्र पूर्ण पडदाभर ताणलं. लंडनच्या भुयारी रेल्वेत यती फिरतात ती गोष्ट, आणि ते यती आधीच गोल, ते ताणून जात्याच्या तळीसारखे रुंद झाले. मी उठून सांगितलं, तर ऑपरेटर म्हणतो काळ्या पट्ट्या दिसल्या की लोक तक्रार करतात. खोलीत सगळे याच गोष्टीसाठी आलेले, कोण तक्रार करणार होतं काळ्या पट्ट्यांची? वर टीव्हीचं मोशन स्मूदिंग चालू, म्हणजे टीव्ही स्वतःच मधल्या फ्रेम बनवून हालचाल गुळगुळीत करतो ते. इथे नवीन लोकांसाठी एक भानगड सांगतो: स्टुडिओतला मूळ व्हिडिओ सेकंदाला ५० फील्डचा (फील्ड म्हणजे अर्ध्या ओळींचं चित्र), म्हणून हालचाल गुळगुळीत. फिल्मवर उतरवला की २५ फ्रेम उरतात आणि सगळं सिनेमासारखं दिसायला लागतं. विडफायर नावाच्या प्रक्रियेने मधल्या हालचाली हिशोबाने परत तयार करतात आणि चित्र पुन्हा 'लाइव्ह' वाटतं. एवढी मेहनत झाल्यावर टीव्हीने त्यावर आपली अक्कल चालवायची आणि कडा पाघळवायच्या, हे बघून पोटात कालवतं. असं दिसलं तर लाजू नका, पहिल्या पाच मिनिटांत जाऊन सेटिंग बदलायला लावा, नंतर कुणी ऐकत नाही.

शुक्रवार छान गेला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. हॉटेलचं खाणं भिकार आणि महाग, १४ पौंडात गार बर्गर, पार्किंगचे वेगळे, मी डबा नेला होता तो खोलीत बसून खाल्ला. कलाकारांच्या सह्यांची पॅकेजं घेऊ नका, रांगेत दोन चर्चासत्रं बुडतात.

सगळे पैसे वसूल झाले ते रविवारी सकाळी, मागच्या एका छोट्या खोलीत, ज्याचं पोस्टरवर नावही नव्हतं. एका रिटायर्ड इंजिनियर आजोबांनी 'डॉक्टर हू'च्या एका रंगीत भागाची फक्त कृष्णधवल उरलेली फिल्म स्कॅन करून आणली होती. फ्रेम मोठी करत गेले, करत गेले, आणि करड्या कोटावर बारीक ठिपक्यांची जाळी दिसायला लागली. फिल्म उतरवताना रंगाचा सिग्नल गाळायचा राहिला की तो असा ठिपक्यांत अडकून बसतो, आणि सॉफ्टवेअरने त्यातून रंग परत काढता येतात! 'डॉक्टर हू'च्याच 'प्लॅनेट ऑफ द डालेक्स'चा तिसरा भाग पुन्हा रंगीत करताना ही युक्तीही वापरली होती. त्यांनी बटण दाबलं आणि कोट हिरवा झाला तेव्हा मी अक्षरशः टाळी वाजवली, खोलीत मोजून डझनभर लोक, सगळे वळून बघायला लागले. चहाला तेच आजोबा मला विचारतात, तुमच्या इंडियात कुठे हरवलेल्या भागांच्या फिल्मचे डबे पडलेत का हो? मी म्हटलं शोधतो.

तर जायचंच असेल तर असल्या डेमोंसाठी जा, टाइमटेबल मिळालं की आधी छोट्या खोल्यांचं पान बघा. नुसतं स्क्रीनिंगच हवं असेल तर कन्व्हेन्शनचा नाद सोडा आणि लंडनला बीएफआय (ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट) साउथबँकच्या 'मिसिंग बिलीव्हड वाइप्ड'ला जा, सापडलेलं जुनं टीव्ही दाखवायचा हा उपक्रम १९९३ पासून आहे, वॉटरलू स्टेशनवरून चालत, आणि चित्र कुणी ताणत नाही. मेंबरांना तिकिटं आधी मिळतात, तेवढं बघून ठेवा. मिडलँड्सला गेलात तर रविवारी रुळांचं काम निघून ट्रेनऐवजी बस मिळू शकते, मला मिळाली, घरी पोचायला मध्यरात्र झाली आणि सोमवारची ऑफिसची सकाळची स्टँडअप मीटिंग झोपेत दिली.

आणि डीलर हॉलमध्ये १६ मिमीच्या डब्यांचा मोह होतो, मलाही झाला. झाकण उघडून वास घ्या. व्हिनेगरचा आंबूस भपकारा आला म्हणजे फिल्मचं अ‍ॅसिटेट (जिच्यावर चित्र असतं ती पट्टी) सडायला लागलंय, रीळ आक्रसणार, वाकडं होणार, आणि शेजारच्या चांगल्या रिळांनाही तो रोग लावणार, तसला डबा फुकट दिला तरी घरात आणू नका. विकणारा झाकणच उघडू देत नसेल तर पुढच्या टेबलाकडे चालू लागा.