रॉटरडॅममध्ये कंपनी काढताना वकील कसा निवडला

आमचा धंदा द्राक्षांचा. निफाड-दिंडोरीच्या बागायतदारांकडून माल घ्यायचा, पॅकहाउसमध्ये पनेट, म्हणजे प्लॅस्टिकचे छोटे डबे, भरायचे, न्हावा शेव्याहून रीफर म्हणजे थंड कंटेनर रॉटरडॅमला लावायचा. पुढचं सगळं तिथल्या आयातदाराच्या हातात. बहुतेक माल कन्साइनमेंटवर जातो, म्हणजे भाव आधी ठरत नाही. तो माल विकतो, त्यातून कमिशन, शीतगृह, वाहतूक, क्यूसी म्हणजे मालाची तपासणी, रिपॅकिंग कापतो आणि उरेल त्याची पट्टी, म्हणजे हिशेबाचा कागद, आपल्याला पाठवतो. २०२४च्या हंगामात तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालून गेली. माल उशिरा पोचला, आणि पोचला तोही एकाच वेळी सगळ्यांचा. त्या वर्षी एका आयातदाराच्या पट्टीत रिपॅकिंगच्या नावाने जी कापाकापी झाली, ती वाचून बाग नक्की कोणाची, असा प्रश्न पडावा.

तेव्हा मी आणि माझा चुलतभाऊ, आम्ही ठरवलं की नेदरलँड्समध्ये आपलीच कंपनी काढायची आणि आयातदार आपणच व्हायचं. तिथल्या प्रायव्हेट लिमिटेडला बीव्ही म्हणतात. भावाचा पहिला प्रश्न, "दादा, त्याला वकील कशाला? आपली कंपनी तर सीएंनीच काढली होती." बरोबरच होतं त्याचं. आपल्याकडे वकिलाकडे माणूस जातो तो सात-बारावरून भांडण पेटल्यावर. धंदा सुरू करताना वकील गाठायची सवय आपल्याला नाही.

नेटवर शोधलं तर पॅकेजवाल्यांचा पाऊस. इतक्या युरोत कंपनी, वर्षभराचा पत्ता फुकट, बँक खात्याला 'सहकार्य'. यात खोटं काही नसतं. १ ऑक्टोबर २०१२ पासून बीव्हीला किमान भांडवलाची अट राहिलेली नाही, एका युरो सेंटवरही ती निघते. संचालक डच असावा किंवा तिथे राहणारा असावा, असंही बंधन नाही. म्हणजे कंपनी काढणं हे या सगळ्यातलं सर्वात सोपं काम, आणि पॅकेजवाला नेमकं तेवढंच विकतो. आमचं दुखणं पट्टीत होतं. ते पॅकेजमध्ये कुठेच बसत नव्हतं.

मग आधी तिथे कोण काय करतो ते समजून घेतलं. बीव्ही काढायला नोटरी लागतोच, त्याच्याशिवाय कंपनी जन्माला येत नाही. हा नोटरी म्हणजे नाशिकच्या कोर्टाबाहेर छत्रीखाली शिक्का घेऊन बसलेला माणूस नव्हे. तो कायद्याचा शिकलेला अधिकारी असतो, कंपनीचा दस्त तोच करतो. पण कायद्याने तो तटस्थ. तुमची बाजू घेऊन भांडणं त्याचं काम नाही. बाजू घेणारा तो आडव्होकाट. ही पदवी तिथे संरक्षित आहे, वकिलांच्या संघटनेच्या नोंदवहीत नाव असल्याशिवाय ती कोणाला लावता येत नाही. उलट 'ज्युरिस्ट' आणि 'करसल्लागार' या पाट्या कोणीही लावू शकतो. करसल्लागारांच्या चांगल्या संघटना आहेत, पण सभासद व्हायची सक्ती नाही. वकिलांची नोंदवही ऑनलाइन बघता येते. प्रत्येकाने आपले विषय त्यात नोंदवायचे असतात, जास्तीत जास्त चार, आणि नोंदवलेल्या विषयात दरवर्षी प्रशिक्षणाचे गुण मिळवावे लागतात. 'आम्ही सगळंच करतो' म्हणणाऱ्यांची गाळणी इथे आपोआप होते.

यादीत शेवटी तिघे राहिले. एक मुंबईची मोठी लॉ फर्म. दुसरे आम्स्टलवेनचे एक मराठी सल्लागार, मेहुण्यांच्या ओळखीचे. तिसरी रॉटरडॅममधली लहानशी फर्म, व्यापार आणि वाहतुकीच्या कायद्यात काम करणारी.

तिघांनाही मी एकच पानभर टिपण पाठवलं, सोबत नावं झाकलेली एक जुनी पट्टी. विचारलं तीनच गोष्टी: तुम्ही पहिलं काम कोणतं कराल, ते प्रत्यक्ष कोण करेल, आणि आमच्यासाठी कोणतं काम तुम्ही करणार नाही. तिसऱ्या प्रश्नाने माणूस लगेच कळतो. मुंबईच्या फर्मचं उत्तर व्यवस्थित होतं, पण डच कायद्याचं काम ते तिथल्या दुसऱ्या फर्मकडूनच करून घेणार होते. म्हणजे मीटर दोन, आणि प्रश्न विचारणारा मी मधल्या माणसाला विचारणार. मराठी सल्लागार फोनवर मनमोकळं बोलले, पिंपळगावची मिसळसुद्धा निघाली. मायबोलीत बोलणारा माणूस परदेशात भेटला की निम्मा विश्वास तिथेच बसतो, माझाही बसला होता. पण नोंदवहीत त्यांचं नाव नव्हतं. ते स्वतःच म्हणाले, "मी वकील नाही, मी कामं करून देतो." सरळ माणूस. पुढे पत्ता, टपाल, स्थानिक हिशेबनीस हे सगळं त्यांच्याकडूनच घेतलं.

रॉटरडॅमच्या वकीलबाईंचं उत्तर सर्वांत उशिरा आलं, आणि त्यात प्रश्नच जास्त. पट्टी उघडायच्या आधीच त्यांनी विचारलं, तुमचा आयातदार कोण, फक्त नाव कळवा. त्यांची फर्म त्याचं काम करत असती तर त्यांना आमचं घेता आलं नसतं. ते तपासून झाल्यावर मगच व्हिडिओ कॉल. कॉलवर पट्टीवरच्या रिपॅकिंगच्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हा खर्च करायचा अधिकार त्याला कोणत्या कागदाने दिला?" आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. कागद म्हणजे ईमेलवरचा चार ओळींचा करार. तोही हंगाम सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यातला.

मग त्यांनी सांगितलेली गोष्ट आमच्या कामाची निघाली. युरोपीय संघाने शेतमालाच्या व्यापारातल्या अन्याय्य प्रथांवर २०१९ मध्ये निर्देश काढला, आणि नेदरलँड्समध्ये त्याचा कायदा १ नोव्हेंबर २०२१ पासून लागू आहे. नाशवंत मालाचे पैसे ३० दिवसांच्या आत दिले पाहिजेत, ऐन वेळी ऑर्डर रद्द करता येत नाही, करार लेखी मागितला तर द्यावा लागतो. पुरवठादार खरेदीदारापेक्षा लहान असेल तर हे संरक्षण मिळतं. उलाढालीचे टप्पे ठरलेले आहेत, आणि पुरवठादार युरोपाबाहेरचा असला तरी चालतं. तक्रार तिथल्या ग्राहक व बाजार प्राधिकरणाकडे. "तुमचं अर्धं दुखणं चांगल्या करारानेच जाईल. कंपनी काढायची की नाही ते त्यानंतर ठरवा," बाई म्हणाल्या. कंपनी काढून द्यायची फी समोर दिसत असताना हे बोलणारा माणूस मला तरी आधी भेटला नव्हता. भाऊ कॉल म्यूट करून म्हणाला, "हीच."

कंपनी आम्ही तरीही काढली, कारण सुपरमार्केटला थेट पुरवठ्याचा कार्यक्रम घ्यायचा तर तिथली संस्था लागते. पण त्याचं ओझं काय, हेही त्याच कॉलवर कळलं. आयातदार आपण झालो की युरोपच्या अन्न कायद्याखालची जबाबदारीही आपली. २०१०चा हंगाम नाशिकमधला कोणताही निर्यातदार विसरलेला नाही. द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडले, कंटेनर अडकले आणि कित्येक जण रस्त्यावर आले. तेव्हा समोर निदान तिथला आयातदार होता. आता त्या खुर्चीवर आपण. म्हणून उत्पादन दायित्वाचा विमा आणि बागायतदारांशी करायच्या करारातलं रसायनांच्या अंशांचं कलम, ही दोन कामं त्यांनी नोंदणीच्या आधी यादीत घातली.

आता कामाच्या पत्राबद्दल थोडं सविस्तर, कारण लोक तो कागद न वाचता सही करतात. वकील काम घेण्याआधी अटींचं पत्र पाठवतो. त्यात पहिलं बघायचं ते अशील कोण: नाशिकची कंपनी, होऊ घातलेली बीव्ही, की मी स्वतः? मसुद्यात माझं वैयक्तिक नाव होतं, ते बदलून कंपनीचं घ्यायला लावलं. नाहीतर उद्या भावाचं आणि माझं बिनसलं तर वकील कोणाचा? दुसरं, दर. भागीदाराचा तासाचा दर वेगळा, ज्युनिअरचा वेगळा, आणि मोजणी सहा मिनिटांच्या तुकड्यांत. तुम्ही पाठवलेला 'थँक्यू'चा ईमेल वाचला तरी एक तुकडा. तिसरं, चूक झाली तर भरपाई किती. ती साधारण त्यांच्या विम्यातून मिळेल तेवढ्यापुरतीच मर्यादित असते. चौथं, तक्रार कुठे करायची. मी दोन बदल मागितले: कंपनी उभारणीपुरती ठोक रक्कम आणि बाकी तासावर, शिवाय अंदाजाच्या वर जायच्या आधी लेखी विचारणं. दोन्ही विनातक्रार मान्य झाले. मागितलं नसतं तर स्वतःहून कोणी दिलं नसतं, हे उघड आहे.

त्यांनीही आमच्याकडून बरंच मागितलं. पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा, तीन वर्षांचे ताळेबंद, भागधारकांची यादी, गुंतवणुकीचा पैसा कुठून येणार त्याचा कागद. मनी लाँडरिंगविरुद्धच्या डच कायद्याने कंपनी उभारणीच्या कामात वकील आणि नोटरी दोघांनाही ही तपासणी सक्तीची आहे. भाऊ वैतागला, "आपण चोर आहोत का?" पण यातलं काहीच न मागता कंपनी काढून देतो म्हणणाऱ्यापासूनच जपून राहिलेलं बरं.

नोटरी कोण घ्यायचा ते वकीलबाईंनी सुचवलं, तरी मी दुसऱ्या एकाचं कोटेशन घेतलं. तिथे नोटरीचे दर ठरलेले नाहीत, फरक चांगलाच निघतो. कागदी दस्त डच भाषेतच लागतो, सोबत समजण्यासाठी इंग्रजी अनुवाद देतात. २०२४ पासून व्हिडिओवरूनही बीव्ही काढता येते, पण त्यासाठी युरोपात मान्य असलेली डिजिटल ओळख लागते. आपलं आधार तिथे चालत नाही. म्हणून कुलमुखत्यारपत्र करून ते इकडे नोटरी करायचं, राज्य सरकारची सही घ्यायची आणि परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचा शिक्का, लावायचा. आमचं गाडं अडलं ते मधल्या नावावर. पासपोर्टवर वडिलांचं नाव आहे, कंपनीच्या ठरावात नव्हतं. डच नोटरीच्या दृष्टीने ही दोन वेगळी माणसं. ठराव नव्याने केला, पुन्हा सगळ्या सह्या. नावं पासपोर्टवर आहेत तशीच, अक्षरन् अक्षर, प्रत्येक कागदावर ठेवा. वडिलांचं नाव गाळू नका.

आता इकडची बाजू, जिच्याबद्दल पॅकेजवाला अवाक्षर काढत नाही. भारतातून बाहेर गुंतवणूक करायची तर फेमाचे, म्हणजे परकीय चलन कायद्याचे, ऑगस्ट २०२२चे नियम लागू होतात. पैसे पाठवताना किंवा आर्थिक बांधिलकी स्वीकारताना, जे आधी होईल तेव्हा, बँकेमार्फत फॉर्म एफसी द्यायचा आणि रिझर्व्ह बँकेचा विशिष्ट क्रमांक घ्यायचा. त्या क्रमांकाशिवाय पैसा हलत नाही. शेअर मिळाल्याचा पुरावा सहा महिन्यांत, आणि दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत कामगिरीचा अहवाल. कंपनीमार्फत गुंतवणूक केली तर मर्यादा कंपनीच्या नक्त मूल्याच्या (नेट वर्थच्या) ४०० टक्के, आणि वैयक्तिक केली तर वर्षाला अडीच लाख डॉलर. आमच्या सीए मॅडमना हे सगळं पाठ होतं, पण डच नोटरी दस्त कोणत्या दिवशी करणार ते त्यांना माहीत नसणार, आणि नोटरीला फेमाचं काही माहीत असायचं कारण नाही. म्हणून वकीलबाई आणि सीए मॅडम यांना एकाच कॉलवर आणलं आणि आधी काय, नंतर काय, याचा क्रम त्यांच्याकडूनच लिहून घेतला. पूर्ण खर्चातला सर्वात वसूल झालेला तास तो. मॅडमनी तिथेच विचारलं, "निर्णय कुठे बसून घेणार? इथे ओझरला की रॉटरडॅमला?" परदेशी कंपनीचा कारभार प्रत्यक्षात भारतातून चालत असेल तर तिला इथलीच करदाती धरता येतं. वर्षाची उलाढाल ५० कोटींच्या आत असेल तर करखात्याच्या २०१७च्या परिपत्रकाने त्यातून सूट आहे. आम्ही आत होतो. तरी बैठकांची इतिवृत्तं नीट ठेवायला त्यांनी सांगितलं.

बँक खात्याबद्दल फार लिहीत नाही. वेळ लागतो, पुन्हा तेच कागद मागतात, आणि तिथे राहणारं कोणी नसेल तर जास्तच लागतो. वकील त्यात फारसं काही करू शकत नाही, आणि बाईंनी ते पहिल्याच पत्रात लिहिलं होतं.

करसल्लागार वेगळा घेतला. नफ्यावरचा कर दोन लाख युरोपर्यंत १९ टक्के आणि वर २५.८, हे कोणीही सांगेल. खरी गरज होती कलम २३च्या परवान्याची. तो असला की आयातीवरचा व्हॅट बंदरावर रोख भरावा लागत नाही, विवरणपत्रात दाखवून तिथेच वळता होतो. खाद्यपदार्थांवर ९ टक्के. हंगामात कंटेनरमागे कंटेनर उतरत असताना तेवढी रक्कम अडकली तर बागायतदाराचे पैसे कुठून द्यायचे?

नोंदणी झाल्यावर बाईंनी एक पानी पत्र पाठवलं, ते मी ऑफिसात टेबलाच्या काचेखाली ठेवलंय. वार्षिक हिशेब वर्ष संपल्यापासून जास्तीत जास्त बारा महिन्यांत व्यापार नोंदणीत दाखल झाले नाहीत आणि पुढे कंपनी बुडाली, तर संचालकांनी कारभार नीट केला नाही असंच कायदा गृहीत धरतो, आणि देणी संचालकांच्या अंगावर येऊ शकतात. भावाने ते वाचून त्याच दिवशी हिशेबनिसाला फोन लावला.

गेल्या तिमाहीच्या बिलात ज्युनिअर वकिलाने आमची जुनी फाइल 'समजून घेण्याचा' वेळ लावला होता. मी विचारलं, तुमच्याकडे माणूस बदलला त्याचे पैसे आम्ही का द्यायचे? दुसऱ्या दिवशी ती ओळ वजा करून नवं बिल आलं. आता त्या आणि मी सुपरमार्केटच्या करारातल्या क्यूसीच्या कलमावर बसलो आहोत. पंचनामा कोणाचा धरायचा, बंदरावरच्या स्वतंत्र सर्व्हेअरचा की त्यांच्या गोदामातल्या माणसाचा, यावर अजून एकमत व्हायचंय.