पंप बिघडलेला नाही

आमच्या सोसायटीत वसंत ऋतू दरवर्षी तक्रारीच्या रूपाने येतो. यंदा फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पहिल्या मजल्यावरच्या आजींनी वॉचमनमामांना हाक मारली. "अहो, तो पंप बघा जरा. सकाळपासून टुक टुक करतोय, जळायचा एखादे दिवशी." मामा पंपाच्या खोलीत डोकावून आले. पंप बंद होता. टुक टुक चालूच.

तो तांबट होता. चिमणीहून किंचित मोठा, हिरवागार, डोकं अंगाच्या मानाने अंमळ थोराड, कपाळावर आणि छातीवर लाल ठिपका, डोळ्यांभोवती पिवळं. एवढा नटलेला पक्षी, पण पानांत बसला की दिसेल तर शपथ. थंडीभर तो जवळजवळ मुका असतो. माघात ऊन जरा चटका द्यायला लागलं की याची भांडी ठोकायची पाळी सुरू. मिनिटाला शंभराहून जास्त ठोके, तेही एकाच पट्टीत. आणि गंमत म्हणजे चोच बंद! आवाज गळ्यातून येतो, प्रत्येक ठोक्याला गळा फुगतो. ओरडता ओरडता तो मान इकडून तिकडे वळवतो, त्यामुळे आवाज कधी गच्चीवरून येतोय असं वाटतं, कधी शेजारच्या इमारतीतून. आजींचा काही दोष नाही.

मी आजींना खाली बोलावून तो दाखवायचा प्रयत्न केला. "तो बघा, वाळक्या फांदीच्या डावीकडे." त्यांनी चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाल्या, "मला काही दिसत नाही, पण पंप नाही ना? मग ठोकू दे."

आमच्याकडे जंगल वगैरे काही नाही. कुंपणाला लागून एक जुनी काटेसावर आहे, एवढंच. एरवी तिच्याकडे कोणी बघत नाही. पण पानं झडून गेली आणि त्या काटेरी फांद्यांवर जाड पाकळ्यांची लाल फुलं आली, की झाडाचा सकाळी सहा ते नऊ बाजार होतो. बुलबुल, साळुंक्या, कोतवाल, कावळे आणि या सगळ्यांवर ओरडणारी एक खार. साळुंकी फुलात अख्खं डोकं घालते आणि बाहेर काढते तेव्हा कपाळ परागकणांनी पिवळं झालेलं असतं. मग ती त्याच मळवटासह दुसऱ्या फुलावर जाते. झाडाला हेच हवं असतं. कोतवालाचा मात्र मला भरवसा नाही. तो मधही पितो आणि मधाला आलेले किडेही मटकावतो.

याच दिवसांत शिंजीर बघावा. दीडेक महिन्यापूर्वी नर मादीसारखाच पिवळट दिसत होता, फक्त हनुवटीपासून पोटाकडे उतरलेली एक काळी रेघ. आता नवी पिसं येतायत, पण हप्त्याहप्त्याने. परवा जो फुलावर आला होता त्याचा एक खांदा निळाजांभळा चकाकत होता आणि पोट अजून जुनंच. रंगकाम अर्धवट टाकून रंगारी निघून गेल्यासारखा. तरी ऐट अशी की फुलावर दुसरा कोणी आला की अंगावर धावून जायचा. पूर्ण रंगलेला शिंजीर सगळ्यांना आवडतो. मला हा अर्धामुर्धा जास्त आवडतो.

फेब्रुवारीत जगभर घराभोवतीच्या पक्ष्यांची चार दिवस मोजणी होते. 1998 साली अमेरिकेत सुरू झालेला हा उद्योग 2013 पासून आपल्याकडेही चालतो. निदान पंधरा मिनिटं एका जागी थांबायचं आणि दिसेल ते मोजायचं. मी गच्चीवर वही घेऊन बसलो, मामा मदतीला. पहिली चार मिनिटं पारव्यांतच गेली. मी मोजायचो आणि ते उडून पुन्हा येऊन बसायचे. "साहेब, हे तेच आहेत," मामा म्हणाले, आणि माझा आकडा निम्म्यावर आला. तेवढ्यात पन्नासेक पळसमैनांचा थवा सावरीवर उतरला. काळं डोकं, काळे पंख, मधे गुलाबी अंग. मामा एकदम ताठ झाले. "या तर भोरड्या! आमच्या गावाकडं ज्वारीवर पडतात. गोफण घेऊन माचाणावर बसायचो आम्ही." ज्या पाखराला मी वहीत कौतुकाने लिहीत होतो, त्याला या माणसाने लहानपणी दगड मारले होते. एप्रिलपर्यंत ती निघतील, पार मध्य आशियात, तिथे टोळ आणि नाकतोडे खाऊन पिल्लं वाढवतील. हे सांगितलं तर मामा म्हणाले, "तिथं टोळ खातात होय? मग आमच्याकडं का नाही खाल्ले?" खरं तर इथेही खातात, पण ज्वारी राखणाऱ्या पोराला ते कसं पटायचं?

कोकिळाचं मात्र मी फार कौतुक करणार नाही. पहाटे चारला खिडकीशी चढत्या पट्टीत तेच तेच ओरडणं याला गाणं म्हणणारे बहुधा गाढ झोपणारे असावेत. शिवाय आपण खुशाल म्हणतो, कोकिळा गाते. गातो तो कोकिळ. काळा, लाल डोळ्यांचा. ठिपक्याठिपक्यांची तपकिरी कोकिळा नुसती किक-किक करते आणि कावळ्याच्या घरट्यावर नजर ठेवते.

तर, तांबट. सावरीची जी वाळकी फांदी पार्किंगवर आली आहे, ती तोडायचं जानेवारीच्या मीटिंगमध्येच ठरलं होतं. मार्चच्या पहिल्या रविवारी त्याच फांदीला खालच्या अंगाने एक वाटोळं भोक दिसलं, बाटलीच्या झाकणाहून थोडं मोठं. नर-मादी आळीपाळीने आत शिरायचे, शेपटी तेवढी बाहेर राहायची आणि चोचभर भुसा खाली. मऊ, मेलेलं लाकूड त्यांना लागतं. आपल्याला जी फांदी निकामी वाटते नेमकी तीच. मी सेक्रेटरींकडे गेलो. ते म्हणाले, "पक्ष्यासाठी ठराव फिरवायचा?" मी म्हटलं, फिरवू नका, पावसाच्या तोंडाशी तोडा. त्यांनी बराच वेळ वर बघितलं. त्या फांदीखाली स्कूटर त्यांचीच असते.

काल सकाळी दुधाची पिशवी घ्यायला खाली उतरलो. स्कूटर तिथेच होती. सीटवर पेपर पसरलेला, वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर दोन दगड, आणि पेपरवर बारीक पिवळसर भुसा.