जॅकेट आले, पण तीन महिन्यांनी

कोलाडला कुंडलिका नदीवर मी दोन हंगाम राफ्टवर काम केलं. तिथलं पाणी वीज तयार झाल्यावर सकाळी सोडतात, वेळ ठरलेली असते. आमचं गाव वैनगंगेच्या काठी, गोसीखुर्द धरणाच्या खाली. वरून पाणी आलं की दरवाजे उघडतात, मग रात्र असो की पहाट. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस सगळे ३३ दरवाजे उघडले, तेव्हा आम्ही डोंग्यातून माणसं काढली. काढणाऱ्यांपैकी एकाच्याही अंगात लाइफ जॅकेट नव्हतं.

म्हणून यंदा ग्रामसभेत ठराव घेतला. १५व्या वित्त आयोगाच्या अबंधित निधीतून, म्हणजे गावाला गरजेप्रमाणे वापरता येणाऱ्या पैशातून, अकरा जॅकेट, चार थ्रो बॅगा (बुडणाऱ्याकडे फेकायची, आत दोरी भरलेली पिशवी). सरपंचबाईंनी त्याच दिवशी सही केली.

फाइल अडली ती तालुक्याच्या कार्यालयात. पहिल्या खेपेला सांगितलं, आराखड्यात हे काम नाही. ते घालून आणलं, तर तीन दरपत्रकं पाहिजेत. ती आणली, तर संबंधित बाबू रजेवर. रोवणीचे दिवस, एकेक चक्कर म्हणजे एकेक दिवसाची मजुरी. अशा सात चकरा झाल्या. चौथ्या खेपेला बाबू म्हणाले, "भाऊ, दोरीच पायजे ना तुमाले? बाजारात नायलॉनची भेटते, स्वस्तात."

मी कोलाडची माझी थ्रो बॅग सोबत नेली होती. बाहेरून पाण्याची बादली आणली. नायलॉनचा तुकडा आणि थ्रो बॅगेच्या दोरीचा तुकडा, दोन्ही पाण्यात दाबून सोडले. नायलॉन तळाला गेला, पिवळी दोरी वर आली. बुडालेली दोरी पुरात झाडाच्या मुळात अडकते, माणसाच्या हाताला लागतच नाही, हे त्यांना समजावलं. बाबूंनी बादलीकडे बराच वेळ पाहिलं. "समजलं. पण दर ज्याचा कमी, त्याचंच घ्यावं लागते."

कमी दराचं नमुन्याचं जॅकेट आलं. पातळ फोम आणि छातीला एकच पट्टा. मी ते अंगात घातलं, पट्टा आवळला आणि मित्राला खांदे धरून वर उचलायला सांगितलं. जॅकेट सरळ कानापर्यंत आलं. पाण्यात ते डोक्यावरून निघून गेलं असतं. दुकानात कोणतंही जॅकेट घेताना आधी हेच करून पाहा.

चूक मागणीपत्रातच होती. आम्ही नुसतं 'लाइफ जॅकेट' लिहिलं होतं. जॅकेट किती जोरानं तरंगवतं ते न्यूटनमध्ये मोजतात. ५० न्यूटनचं जॅकेट पोहता येणाऱ्याचं, तेही मदत जवळ असेल तिथंच. १०० न्यूटनचं, कॉलरवालं जॅकेट माणसाचं तोंड पाण्याच्या वर ठेवायला मदत करतं. मग नव्या मागणीपत्रात १०० न्यूटन, जांघेतून जाणारा पट्टा, शिट्टी आणि तरंगणारी २० मीटर दोरी असं एकेक लिहिलं. त्यानंतर स्वस्तातला माल आपोआप बाद झाला. तुमच्या गावाचा ठराव करताना हा तपशील पहिल्याच दिवशी लिहा, आमचे तीन महिने यातच गेले.

मधल्या काळात जुलैत एका रात्री पाणी चढलं. गोठ्यातली जनावरं सोडायला पोरं तशीच उतरली. सगळी परत आली, पण त्या रात्रीचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आणखी एक आठवलं. दोरी कमरेला गाठ मारून कधी उतरू नका. दोरी ताणली की धार माणसाला खाली दाबते आणि गाठ सुटत नाही. थ्रो बॅग फेकताना आधी ओरडा, मोकळं टोक हातात ठेवा, बॅग बुडणाऱ्याला ओलांडून पडू द्या. दोरी हाताला गुंडाळू नका. वाहून जात असाल तर पाठीवर पडा, पाय पुढे आणि पाण्याच्या वर ठेवा. धारेत उभं राहायला गेलं की पाय दगडात अडकतो. बंधाऱ्याखाली पाणी उलटं फिरतं, तिथं जॅकेट घालूनही माणूस सुटत नाही. तिकडे जाऊच नका.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात खोकी आली. अकराही जॅकेट आम्ही एकमेकांना उचलून तपासले, एकही वर सरकलं नाही. आता ते समाजमंदिरात सावलीत टांगलेले आहेत आणि चावी शेजारच्या घरी असते. हेल्मेटची फाइल त्याच टेबलावर आहे. सोमवारी परत जातो.