रुसवा, तांपो आणि माझा सांगलीचा आवाज

तीन दिवस घरात माझ्याशी फक्त राईस कुकर बोलला. तोही भात झाला की 'टक्', एवढंच.

खरं तर ही पोस्ट लिहायची नव्हती, घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर कशाला. पण जून 2025 पासून भारतीयांना इथे फिलिपिन्समध्ये 14 दिवस व्हिसाशिवाय यायला मिळायला लागलंय आणि तेव्हापासून माझ्या इनबॉक्समध्ये ओळखीची-अनोळखी पोरं सारखी विचारत असतात, "दादा, तिकडच्या मुली एकदम शांत असतात ना, उलटून बोलत नाहीत म्हणे?" बाबांनो, माझी बायको इथलीच. उलटून बोलत नाहीत हे खरंय. तोच तर प्रॉब्लेम आहे.

झालं असं की रविवारी दुपारी जेवायला बसलो होतो. आमचा फ्लॅट मेट्रो मनिलातल्या मांडालुयोंगला, बोनी स्टेशनपासून चालत दहा मिनिटं, दोन माणसांना पुरेल एवढा, आणि त्यात त्या दिवशी सहा जण. सासूबाई, म्हणजे नानाय, इलोइलोहून दोन आठवड्यांसाठी आलेल्या, शिवाय हिची बहीण आणि तिची दोन पोरं. सिनिगांग केलं होतं (चिंचेचं आंबट सार समजा, आमटीच्या जवळचं, फक्त फोडणी नाही, आणि फोडणी नाही याचं दुःख मी चार वर्षं करतोय). तर भात वाढता वाढता ही सहज म्हणाली, मावसबहिणीचा डेब्यू आहे, आपण पंधरा हजार देतोय. डेब्यू म्हणजे मुलीचा अठरावा वाढदिवस, इथे तो जवळजवळ लग्नासारखा करतात, हॉल, गाऊन, अठरा गुलाबं घेऊन अठरा मुलं नाचणार वगैरे. पंधरा हजार पेसो म्हणजे आपले वीस हजारांच्या वर. आणि 'देतोय' म्हणजे कबूल करून झालेलं होतं.

आता माझं म्हणणं आजही तेच आहे की आधी सांगायला हवं होतं. पण मी म्हणालो ते कसं, तर खुर्चीवरून उठलो, एक हात कमरेवर, दुसऱ्या हाताचं बोट समोर, आणि रागावलो की माझी इंग्लिश संपते म्हणून सरळ मराठीत, "काय चाललंय काय हे?"

सांगलीत हे वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकू येतं. दूध उतू गेलं तरी हेच, लाईट गेली तरी हेच. आमच्याकडे प्रेमाने "जेवलास का रे" विचारलं तरी पुण्याच्या पाहुण्याला वाटतं भांडण चाललंय. पण इथे टेबलावर जे झालं ते मी विसरणार नाही. धाकट्या भाच्याचा घास तोंडातच थांबला. नानाय कुठेही डाग नसलेलं टेबल फडक्याने पुसायला लागल्या. आणि ही हसली. बारीकसं, ओठ मिटून, खाली बघत हसली.

त्या हसण्याने माझं डोकं सटकलं. वाटलं, माझी टिंगल करतेय, म्हणून मी आणखी दोन वाक्यं चढवली, त्यातलं एक इंग्लिशमध्ये होतं आणि तेच नेमकं नको होतं. तिने माझं ऐकून घेतलं, ताटं गोळा केली, आणि म्हणाली, "बहाला का."

बहाला का म्हणजे तुझं तू बघ. शब्दशः. आणि वजनही तेवढंच, आपली आई "कर बाबा तुला काय करायचं ते" म्हणते ना, तेव्हा परवानगी मिळाली असं कुणी समजतं का?

मग सुरू झाला तांपो. हा शब्द इथे आल्यावर पहिल्या महिन्यात कळतो आणि समजायला वर्षं जातात. ऑफिसातला एक दिल्लीवाला म्हणतो याला भारतीय भाषांत शब्दच नाही. तुझ्या भाषेत नसेल, आमच्यात ढिगाने आहेत. रुसवा, फुगवा, अबोला. लग्नात विहीणबाई रुसल्या की अख्खा मांडव मनधरणीला धावतो, कैकेयीला तर रुसायला वेगळं दालन होतं. तांपो म्हणजे रुसवाच, आणि तो काढायला जे करायचं त्याला हे लोक सुयो म्हणतात, म्हणजे आपली मनधरणी. फरक एवढाच की आपल्याकडे रुसणं हा लहान मुलांचा आणि जावयाचा हक्क, मोठी बाई रुसली तर "नाटकं" म्हणून मोकळे. इथे तो सगळ्यांचा हक्क आहे आणि समोरच्यावर मनधरणीची जबाबदारी येते, चूक कोणाची हा प्रश्न नंतरचा. किंवा कधीच नाही.

तीन दिवस ती माझ्यावर एकदाही ओरडली नाही, काही आपटलं नाही, काही विचारलं तर नीट उत्तर. शर्ट इस्त्री केलेला. माझं ताट वाढलेलं, वर दुसरं ताट झाकण म्हणून पालथं. फक्त "काइन ना" म्हणायची नाही. काइन ना म्हणजे जेवायला चल. या देशात रस्त्यावर डबा खाणारा अनोळखी माणूससुद्धा तुम्हाला बघून "काइन तायो" म्हणतो, या जेवायला, आणि माझ्याच घरात मला कोणी बोलावत नव्हतं. एरवी मला 'लांगा' म्हणते, इलोंगोत, म्हणजे इलोइलोकडच्या भाषेत, लाडक्याला म्हणतात तसं. तीन दिवस लांगा बंद. मी विचारलं, रागावलीयेस का? तर म्हणे, "हिंदी." (टागालोगमध्ये, म्हणजे मनिलाकडच्या भाषेत, हिंदी म्हणजे 'नाही'. सध्या महाराष्ट्रात हे वाक्य फार हिट होईल.) काय झालंय? "वाला." काही नाही.

आता मला सांगा, यात राग कोणाचा मोठा? माझा दुधासारखा, वर आला, ओट्यावर सांडला, पाच मिनिटांत पुसून मोकळा. संध्याकाळी तर मी चहा टाकून विचारतही होतो, घेणार का. हिचा तीन दिवस मंद गॅसवर. आणि दोष मात्र माझ्या आवाजाला.

आवाजाचं तर मला अजूनच कळत नाही. समोरच्या गल्लीत शनिवारी व्हिडिओके लागतं, माइक घेऊन तीन-तीन तास बेसूर प्रेमगीतं, रात्री बारापर्यंत, खिडक्यांच्या काचा थरथरतात. कोणी काही म्हणत नाही. वाढदिवस असला की डबल. कोंबडे पहाटे तीनला सुरू. ख्रिसमसची गाणी सप्टेंबरपासून मॉलमध्ये चालू, कारण महिन्याच्या नावात शेवटी 'बर' आलं ना, झालं, ख्रिसमस. एवढा सगळा आवाज चालतो आणि मी दोन वाक्यं जोरात बोललो की मी हिंसक.

ऑफिसात टीममधल्या एका सीनियर बाईंना सांगितलं, आम्ही सगळे त्यांना आते म्हणतो, म्हणजे ताई (आमच्याकडे आते म्हणजे बाबांची बहीण, त्यामुळे मला पहिले सहा महिने फार विचित्र वाटायचं). वाटलं माझी बाजू घेतील. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. नानायसमोर बोललास? हो. कंबरेवर हात होता? आता हा काय प्रश्न झाला, पण होता. त्यावर त्यांनी नुसत्या भुवया वर केल्या. इथे भुवया वर म्हणजे 'हो', पण या त्या भुवया नव्हत्या.

मग त्यांनी सांगितलं की इथे कंबरेवर हात ठेवून उभं राहणं म्हणजे सरळ भांडणाचा पवित्रा, आणि बोट रोखणं त्याहून वाईट. म्हणून तर हे लोक दिशा दाखवायला ओठ पुढे करतात. आणि ते हसणं टिंगलीचं नव्हतंच. चारचौघांत मान खाली जायची वेळ आली की माणूस हसतो, ती लाज झाकायला. त्या लाजेला हिया म्हणतात. हे ऐकलं आणि पोटात एकदम कसंतरी झालं. कारण त्या हसण्यावरच मी ती दोन वाक्यं चढवली होती.

जाता जाता त्या असंही म्हणाल्या, अर्ध्या गमतीत, की बाबा जपून, 9262 माहितीये ना. मी रात्री दोन वाजता फोनवर शोधलं. रिपब्लिक ॲक्ट 9262, 2004 चा. बायकोला, किंवा नुसत्या गर्लफ्रेंडलासुद्धा, मानसिक त्रास देणं, चारचौघांत अपमान करणं हेही त्यात गुन्हा म्हणून लिहिलंय, फक्त मारहाण नाही. बारांगायच्या ऑफिसात, म्हणजे आपल्या वॉर्ड ऑफिससारख्या ठिकाणी, 15 दिवसांची संरक्षणाची ऑर्डर मिळते. मी बेडवर उठून बसलो. मी काय मारलं का कोणाला? बाजूला ही झोपलेली, पाठ करून. मग चिडून आपल्याकडचा कायदा शोधला, म्हटलं बघू तरी, तर आपल्या 2005 च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यातही शिवीगाळ, अपमान, मानसिक छळ, सगळं आहे. आमच्या घरात तो कायदा कोणी कधी उच्चारला नाही एवढंच.

बाबांनी आईवर कधी हात उगारला नाही, हे मी सगळ्यांना अभिमानाने सांगतो. ताट एक-दोनदा सरकवलं असेल. पण त्या रात्री झोप येईना तेव्हा आठवलं, आईसुद्धा गप्प व्हायची. दोन-दोन दिवस. भाकरी थापायचा आवाज वाढला की आम्ही भावंडं समजायचो. म्हणजे तांपो सांगलीतही होता, तिथे सुयो करायला कोणी उठायचं नाही. आपोआप निवळायचं असं आम्हाला वाटायचं.

नानायचं वेगळंच. त्यांच्या डोक्यातला भारतीय म्हणजे व्याजाने पैसे देऊन मोटरसायकलवरून गल्लीत हप्ता गोळा करत फिरणारा 'बुम्बाय'. पाच घ्या, सहा परत करा, त्याला इथे फाईव्ह-सिक्सच म्हणतात, यातले बरेचसे पंजाबी. आणि पोरं जेवत नसली की आया सांगतात, बुम्बाय येईल, पोत्यात घालून नेईल. बुम्बाय हा शब्द बॉम्बेवरून आलाय. मी चार वर्षं हसत हसत सांगत आलो की मी मुंबईचा नाही, सांगलीचा, आमच्याकडे हळद आणि भडंग असतं, पोतं असतं पण हळदीचं. नानाय हसायच्या. रविवारी मात्र त्यांच्या नातवंडांनी तो पोत्यातला बुम्बाय प्रत्यक्ष बघितला. त्यातून ही माणसं इलोइलोची. इलोंगो माणूस रागावला तरी अंगाई म्हणतोय असं वाटतं, असा विनोद मनिलातले लोकच करतात. बोलणंच असं लांबवलेलं, हेलकाव्याचं, गोड.

चौथ्या दिवशी नाईट शिफ्ट करून सकाळी सहाला आलो, तर खाली गार्ड, त्याला आम्ही कुया म्हणतो, दादा, त्याने माझं तोंड बघून ओळखलं. या देशात गार्डला सगळं माहीत असतं. म्हणाला, "सुयुइन मो, सर." जा, मनधरणी कर. मी म्हटलं, चूक तिची पण आहे. तो म्हणाला, असेल. आणि ओठाने रस्त्याकडे दाखवलं.

रस्त्यावरून ताहोवाला चालला होता. खांद्यावर बांबूची कावड, दोन टोकांना ॲल्युमिनियमचे दोन डबे, आणि "ताहोऽऽऽ" अशी लांब हाक. एका डब्यात गरम, थरथरणारं मऊ टोफू, दुसऱ्यात ब्राऊन शुगरचा पाक आणि साबुदाण्यासारखे मोती. तो पातळ, चपट्या पळीने टोफूचा वरचा पाण्याचा थर उडवतो, मग पापुद्रे काढून कपात भरतो, हाताचा वेग बघत राहावा असा. मी चार कप घेतले. त्यातल्या एकात पाक जास्त घालायला सांगितला, तिला तसा लागतो. एवढं मला माहीत होतं, हेही नमूद व्हावं.

वर आलो. ही ओट्यापाशी. मी कप ठेवला. सॉरी म्हणायचं ठरवलं होतं पण तोंडातून आलं, "पाक जास्त आहे." तिने उभ्याउभ्याच खायला सुरुवात केली. अर्धा संपल्यावर कप माझ्याकडे सरकवला, काही न बोलता. मग म्हणाली, मावशीने माझ्या नर्सिंगच्या फी भरल्या होत्या, तू सांगलीला दर महिन्याला पाठवतोस तेव्हा मी विचारते का? मी म्हटलं, मी सांगून पाठवतो. ती म्हणाली, सांगून. विचारून नाही. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही शोधतोय. तेवढ्यात आतून नानाय आल्या, त्यांनी भात काढला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काइन ना."

सकाळी साडेसहाला मी भात आणि तळलेला सुका मासा खाल्ला, पोटभर.

शेवटी डेब्यूला दहा हजार दिले. दहा म्हणजे माझंही थोडं ऐकलं गेलं असं मी धरतो. पुढचे पाच तिने तिच्या पगारातून दिले असावेत, मी विचारलं नाही.

परवा नानायचा इलोइलोहून व्हिडिओ कॉल आला. हिची बहीणही पोरांना घेऊन तिकडेच गेली आहे. मागे सगळं कुटुंब, हॉलमधल्या डेब्यूचे फोटो दाखवणं चाललेलं. धाकटा भाचा मध्येच कॅमेऱ्यासमोर आला, एक हात कमरेवर ठेवला, दुसऱ्या हाताचं बोट माझ्याकडे रोखलं आणि त्याच्या त्या लांबवलेल्या, गोड इलोंगो सुरात म्हणाला, "काऽय च्याल्लेऽ काऽय हेऽ?" तिकडे सगळे पोट धरून हसले. ही माझ्या खांद्यावर डोकं टेकून हसली. मीही हसलो, जरा उशिरा.