चौथ्या वर्षाचा पैसा कोण देणार

आमच्या बॉटनीच्या लॅबमधी खिडकीजवळच्या एकाच मायक्रोस्कोपमधून नीट दिसतंय, म्हणून प्रॅक्टिकलला पोरं तिथंच रांग लावतात अन् शेवटच्या पोराचा नंबर येईपर्यंत स्लाईड वाळून जाती. मी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या सिनिअर कॉलेजवर तासिका तत्त्वावर शिकवतो, सहावं वर्ष हे, सुट्टीत तास नाही म्हणजे पैसा पण नाही.

आता नव्या शैक्षणिक धोरणात ऑनर्ससाठी चौथं वर्ष आलंय. मला ते मनापासून पटतंय. पण खर्चाचं कुणी बोलंना. अनुदानित कॉलेजला मंजूर पदांचा पगार शासन देतं, विनाअनुदानित तुकडी मात्र फीवरच चालती, अन् आपल्याकडं बरीच पोरं शिष्यवृत्तीवर, त्यांचे पैसे शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवरून कधी येतील तेव्हा येतील, तोवर संस्थेनं लाईट बिल अन् केमिकल कुठून भरायचं?

मध्यंतरी कॅलिफोर्नियाचं वाचलं. तिथली कम्युनिटी कॉलेजं म्हणजे घराजवळची, स्वस्त, मूळची दोनच वर्षांची. २०१४ च्या कायद्यानं जास्तीत जास्त १५ ठिकाणी पूर्ण बॅचलर डिग्रीचा प्रयोग करू दिला, २०२१ ला तो कायमचा झाला, अट अशी की सरकारी विद्यापीठात जी डिग्री मिळती तीच परत काढायची नाही. फी कशी बघा, एरवी युनिटला, म्हणजे आपल्या क्रेडिटसारखं, ४६ डॉलर, वरच्या दोन वर्षांच्या विषयांना त्यावर आणखी ८४, म्हणजे १३०. साठ युनिट तसे, साठ असे, १०,५६० डॉलरमधी डिग्री. वरचा वर्ग महाग पडतो हे त्यांनी आधीच कागदावर मांडलं, हे मला लई आवडलं. आपल्याकडं तो जास्तीचा पैसा पोरांवर टाकू नये, शासनानं पदं द्यावीत, पण आकडा तर मांडा.

माझ्या थर्ड इयरची एक पोरगी रोज एसटीनं येती, अर्धं तिकीट आहे म्हणून जमतंय. नांदेडला ठेवणार नाही असं घरच्यांनी स्पष्ट सांगितलंय. परवा विचारायली, "सर, आपल्याकडं चौथं वर्ष निघंल ना?"

त्याच रात्री बसून प्राचार्यांसाठी कागद तयार केला. दोन पूर्णवेळ शिक्षक, एक लॅब असिस्टंट, सहा मायक्रोस्कोप, प्रत्येकापुढं वर्षाचा खर्च. सोमवारी देतोय.