बातमी आमची, वर दुसऱ्यांची

सकाळच्या मीटिंगमध्ये संपादकांनी मोबाइल माझ्यासमोर सरकवला. आमच्या वार्ताहराने खपून काढलेली बातमी सर्चला टाकली, तर सगळ्यात वर भलतीच साईट. चार परिच्छेदांत आमचाच माल. आम्ही पहिल्या पानावरसुद्धा नाही. “पेवॉल लावलीत आणि आपण गायब झालो,” एवढंच ते म्हणाले. पेवॉल म्हणजे पैसे भरलेल्या सदस्यांनाच पूर्ण बातमी उघडणारी भिंत.

सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे आपली साईट गूगलला कशी दिसते ते दाखवणाऱ्या गूगलच्याच साधनात, लिंक तपासली. गूगलच्या क्रॉलरला (सर्चसाठी पानं वाचत फिरणारा प्रोग्रॅम, ‘गूगलबॉट’) आमच्या पानावर दिसत होतं ते असं: मथळा, फोटो, दोन वाक्यं आणि ‘पुढे वाचण्यासाठी सदस्य व्हा’. सर्व्हर त्यालाही सदस्य नसलेला वाचक समजून परत पाठवत होता. एवढ्याशा मजकुराच्या पानाला सर्च वर का ठेवील?

क्रॉलरला पूर्ण मजकूर द्यायला परवानगी आहे. फक्त त्याला एक आणि वाचकाला दुसरंच दाखवलं तर ते क्लोकिंग, म्हणजे सर्चची फसवणूक, ठरू शकतं, म्हणून पानातल्या स्ट्रक्चर्ड डेटामध्ये (सर्चसाठी कोडमध्ये लिहिलेली माहिती) ‘हा लेख फुकट नाही’ असं सांगायचं आणि बंद भाग कोणत्या सीएसएस क्लासमध्ये (पानाच्या कोडमधल्या भागाचं नाव) आहे तेही द्यायचं. संपादकांच्या डोक्यात अजून ‘फर्स्ट क्लिक फ्री’ होतं, म्हणजे गूगलवरून येणाऱ्याला रोज काही लेख फुकट. ती अट २०१७ च्या ऑक्टोबरमध्येच गेली. आता किती उघडं ठेवायचं ते प्रकाशकानेच ठरवायचं.

सदस्यता विभागाच्या मॅडमनी लगेच विचारलं, “म्हणजे ‘मी गूगलबॉट’ म्हणत कोणीही यावं आणि फुकट वाचून जावं?” शंका रास्त होती. सर्व्हरवर कोण येऊन गेलं त्याच्या नोंदी, म्हणजे लॉग, काढले. हे नाव सांगणाऱ्या कितीतरी विनंत्यांचे आयपी (इंटरनेटवरचे पत्ते) रिव्हर्स डीएनएसला, म्हणजे पत्त्यावरून नाव शोधल्यावर, भाड्याच्या सर्व्हरचे निघाले. तेवढ्यावरही थांबता येत नाही. आपल्या आयपीला हवं ते नाव कोणीही लावून घेऊ शकतो. म्हणून ‘गूगलबॉट डॉट कॉम’ असं नाव मिळालं तरी त्या नावावरून पुन्हा आयपी काढायचा आणि तोच येतो का ते बघायचं.

हे लॉग चाळतानाच आरएसएस फीडवरची (नव्या बातम्या इतर अ‍ॅप-साईटना आपोआप पुरवणारी यादी) वर्दळ दिसली. फीड उघडून बघतो तर बातमी अख्खी! पेवॉल बसवणाऱ्या बाहेरच्या टीमच्या कामात फीडचा उल्लेखच नव्हता. पैसे देऊ शकणारा वाचक दाराशी अडलेला आणि इतरांच्या बातम्या गोळा करणाऱ्या अ‍ॅग्रीगेटरना रान मोकळं. शिवाय फीडमध्ये बातमीची पहिली आवृत्ती तशीच अडकली होती, डेस्कच्या ‘आकडा पुन्हा तपासणे’ या कंसातल्या टिपेसकट. वरच्या क्रमांकाच्या त्या साईटवर गेलो. तिसऱ्या परिच्छेदात कंसासकट तीच टीप. संपादक दिवसभरात पहिल्यांदा हसले.

संध्याकाळपर्यंत फीडमध्ये फक्त सारांश जाऊ लागला, पडताळणी झालेल्या क्रॉलरला पूर्ण मजकूर मिळू लागला आणि पान नव्याने इंडेक्स करण्याची (सर्चच्या सूचीत घेण्याची) विनंतीही गूगलला गेली. बातमी सर्चमध्ये वर यायला मात्र वेळ लागला आणि तोवर विषय थंड झाला होता.

खरी खडाजंगी झाली ती वाचकाला किती उघडं ठेवायचं यावर. मॅडमना दोन ओळी पुरेशा वाटत होत्या, मला निदान तीन परिच्छेद हवे होते. एवढं वाचल्याशिवाय कोण पैसे देईल? तडजोड दोन परिच्छेदांवर झाली. तेव्हापासून डेस्क महत्त्वाचा आकडा बेतून तिसऱ्या परिच्छेदात ढकलतं आणि वार्ताहर त्यावरून रोज भांडतात.